घोंगडी कोणत्या खांद्यावर

रांजणगाव, २ नोव्हेंबर १९९८

इंद्रजीत,

दिवाळी अंक मिळाला. तू पाठवला असशील तो नाही, तो पोस्टात कुठं फिरतोय देव जाणे. शिरूरच्या एस.टी. स्टँडवर स्टॉलला टांगलेला आमच्या संपतला दिसला. चुलतभाऊ असून त्याला माझ्यापेक्षा माझ्या नावाचं कौतुक जास्त. पदरचे पैसे घालून आणला आणि वस्तीवर सगळ्यांना बसवून मोठ्यानं वाचायला घेतला.

पहिलंच वाक्य, 'मी शंभू. गेणबा धनगराचा थोरला.' आई चुलीपुढनं उठून दारात येऊन बसली. आबा एका मेंढीच्या खुराला औषध लावत होते, त्यांनी तिचा पाय तसाच मांडीवर धरून ठेवला. आणि मी भिंतीला टेकून नवरदेवासारखा बसलो होतो. खोटं कशाला सांगू, छाती फुगली होती.

नाव वापर म्हणून मीच तुला सांगितलं होतं. तू चहा पिताना म्हणालास, 'शंभू, मला तुझा आवाज पाहिजे. नाव पण तुझंच ठेवतो.' मी म्हणलं ठेव की. मला वाटलं, टेम्पोत बसून गोव्याला पळालो होतो ते लिहिशील. नाहीतर यात्रेत हरवलेलं शिंगरू. तू सुषीचं लिहिलंस.

माझी बहीण गेली त्याला ही दुसरी दिवाळी. धरणाचं पाणी मागं सरलं की घोडनदीच्या काठाला कसा गाळ राहतो ते तुला सांगायला नको. कोकरू रुतलं, ते काढायला ती उतरली, गाळ संपून खोल पाणी लागलं. जवळ कुणी नव्हतं. दोन वर्षं आम्ही हेच धरून चाललोय की जवळ कुणी नव्हतं.

तुझ्या कथेत जवळ मी आहे. काठावर बसून गोफण विणतोय. ती हाक मारते, 'दादा'. मला वाटतं खेळतेय. 'एवढी वीण झाली की उठू.' उठून बघतो तर काठावर कोकरू अंग झाडतंय आणि नदी नुसती.

संपतचा आवाज खाली जात जात गेला, पण त्याला मधेच थांबता येत नाही, शेवटपर्यंत वाचलं. मग आबांनी मेंढीचा पाय खाली सोडला.

"तू तिथं हुतास?"

"न्हाई, आबा."

"हितं तर तूच सांगतुयास."

मग मी तुझी सगळी शिकवणी त्यांच्यापुढं मांडली. की गोष्ट सांगणारा निराळा असतो, लिहिणारा निराळा. मी म्हणलं म्हणजे मी नव्हे. आबा ऐकून घेत होते. मग म्हणले, "मग बोलतंय कोण?"

"निवेदक."

"त्यो कुनाचा?"

"कुनाचाच न्हाई. कथेत असतो."

"कुनाचाच न्हाई," आबा म्हणले, "आन् माझ्या पोरीची हाक ऐकून बसून राहिला."

त्यानंतर ते माझ्याशी बोललेले नाहीत. भाकरी खाताना माझ्याकडं पाठ करतात. आईला सांगतात, त्याला म्हणावं पाणी शेंदून ठेव. मी समोर उभा असताना. शेवटी मीच निघालो. इथं कंपनीत पॅकिंगला लागलोय, ठेकेदाराकडनं.

एक रविवार काढ. तुझी राजदूत फटफटी काढ, वस्तीवर ये आणि आबांना एवढंच सांग की हे मी मनानं रचलं, शंभू तिथं नव्हता. एका वाक्याचं काम आहे. तुझं म्हणणं ते ऐकतील. छापलंस तू.

शंभू

यवत, १४ डिसेंबर १९९८

इंद्रजीत,

पत्ता बदलला. कंपनी सुटली. सुपरवायझर रोज म्हणायचा, "एक जगह खडा रह ना भाई." मला ते जमत नाही. बेल्टवरनं खोकी येतात आणि माझं लक्ष पत्र्यावरच्या चिमण्यांकडं. आता हायवेवर एका ढाब्याला आहे. भांडी, गिऱ्हाईक, परत भांडी.

इथं एक हरियाणाचा ड्रायव्हर येतो. तो कधीच 'मैं' म्हणत नाही. 'हम पंचर हो गये', 'हम को बुखार था'. म्हणजे तो, क्लीनर आणि गाडी मिळून एक. मी विचारलं, ताप गाडीला होता का तुला? म्हणला, किसी को भी हो, चलना तो तीनों को है. मला वाटलं हे तुला सांगावं, तुझ्या कथालेखनाच्या शिबिरात चालेल. मग आठवलं की मी तुझ्यावर रागावलोय.

तुझं उत्तर नाही. मधे वस्तीकडं चक्कर टाकली तेव्हा आनंदराव आप्पांना विचारलं, तुमच्या इंद्रजीतचं काय. म्हणाले, एम.ए. झालं, आता सभा-संमेलनं चालू आहेत, तुमच्या कथेला बक्षीस मिळालं म्हणे. तुमच्या. आप्पांना पण ती माझीच वाटते.

आबांचं तुला नीट समजावं म्हणून एक सांगतो. तू त्यांच्या ओव्या, त्यांचं सुंबरान ऐकलंयस. लहानपणी आपण दोघं मागं बसून झील धरायचो, आबांची ओळ आली की उचलायची. देवाची कथा सांगताना त्यांची घोंगडी डाव्या खांद्यावर असते. कथेत दुसरं कुणी बोलायला लागलं, राजा म्हणा, मेंढका म्हणा, रुसलेली बाई म्हणा, की आबा घोंगडी उजव्या खांद्यावर घेतात आणि मग 'मी' म्हणतात. बोलणं सरलं की परत डावीकडं. ही त्यांची त्यांनीच पाडलेली रीत, दुसरे कुणी करत नाहीत. पण त्यामुळं ऐकणाऱ्या बारक्या पोराला पण कळतं, हे आबा नव्हेत.

तर त्यांनी मला आईकरवी विचारलं होतं, घर सोडायच्या आदल्या दिवशी. "त्याला इचार, कागदावर घोंगडी कुठं असती." मी पाणी शेंदायला गेलो. तुला सांगता येत असेल तर लिही.

आणखी एक, रागात असलो तरी. कथा चांगली आहे. मी ती इतक्यांदा वाचली की पान दुमडीवर फाटलं. तिचा परकर पाण्यावर फुगला आणि मग एका बाजूनं हळूहळू भिजत गेला, ते वाचताना मला बघितल्यासारखं झालं. मी काही बघितलेलं नसताना. त्या दिवशी मी औषध आणायला शिरूरला गेलो होतो, हे आबांना माहीत आहे.

ये रे. आई संपतकडं निरोप धाडते की ते रात्री पण कूस बदलत नाहीत, तसेच पडून असतात.

शंभू

शिरूर, ८ जानेवारी १९९९

इंद्रजीत,

तुझं कार्ड संपतच्या पत्त्यावर आलं. चार ओळी. 'कथा ही कथा असते. निवेदक म्हणजे लेखक नव्हे, आणि तूही नव्हेस. वडिलांना नीट समजावून सांग. माझं येणं सध्या शक्य नाही.'

अक्षर छान आहे तुझं. पहिल्यापासून.

कार्ड खिशात घालून मार्केट यार्डात गेलो. सध्या तिथं कांद्याच्या गोण्या उचलतो. दुपारी सावलीला पडलो आणि परत ती कथा काढली. आणि मला एकदम तू राजदूत चालवताना मान मागं करून ओरडायचास ते आठवलं. "सांगणारा कुठं उभा आहे ते आधी ठरवायचं, शंभू. तिथून दिसत नाही ते लिहायचं नाही." तेव्हा माझ्या तोंडात धूळ जात होती, मी नुसतं हूं म्हणलं. आता म्हणलं बघू तरी, कथेतला शंभू कुठं बसलाय.

काठावर, असं तू लिहिलंस. मोकळ्यावर. पण त्याला बाभळीचा बुंधाच दिसतो, शेंडा दिसत नाही. तू लिहिलंस तसं, 'बाभूळ वरून कापल्यासारखी'. काठावर बसलेल्याला सगळी बाभूळ दिसते, आभाळासकट. आणि हाक कशी येते, तर 'घरघरीतून'. कसली घरघर? त्या काठावर वाऱ्याशिवाय कशाचा आवाज आहे?

म्हणून मी वस्तीला गेलो आणि आप्पांकडं तुमच्या नदीकाठच्या, पाण्याच्या मोटारीच्या खोलीची किल्ली मागितली. स्टार्टर बघतो म्हणलं. आप्पा म्हणाले बरं होईल, तुला वायरीतलं कळतं ना. मला वायरीतलं काय कळतंय. आयुष्यात त्या खोलीत पाय टाकला नव्हता. तूच कुणाला येऊ द्यायचा नाहीस, अभ्यास होत नाही म्हणायचास.

मोटार लावली. तुझ्या बाजेवर बसलो. ती खिडकी बारकी आहे. समोर बाभूळ, वरून कापल्यासारखी.

आणि ती गोफण, इंद्रजीत. कथेतला मी ऊन पायावरनं सरकून भिंतीवर जाईपर्यंत गोफण विणतो. मी. ज्याला चिमण्यांपायी कंपनीतून काढला. नदीच्या काठाला भिंत कुठली, ते पण सोडून दे. नाव माझं घातलंस, बोलणं पण माझ्यासारखं जमवलंस, 'म्हणलं'ला 'म्हणलं' ठेवलंस. पण बसून राहणं तुझं आहे. गोफणीच्या जागी कागद-पेन ठेवून वाचलं तर कुठं काही अडत नाही. 'एवढी वीण झाली की उठू.' तू वाक्य म्हणला असशील. एवढं वाक्य झालं की उठू.

मोटार बंद करून किल्ली आप्पांना नेऊन दिली. म्हणाले, झालं का? म्हणलं, झालं.

कुणाला काही बोललो नाही. आबांना पण नाही. सांगितलं तर मी सुटतो, ते खरं. पण तूच सांगावंस असं वाटतं. का वाटतं ते विचारू नकोस.

शंभू

दौंड, १९ फेब्रुवारी १९९९

तू लिहीत नाहीस म्हणून तुला मारायला निघालो होतो. शिरूरहून पुण्याला जायला दौंड लागत नाही, तुला माहीत आहे. पण स्टँडवर दौंडची गाडी आधी लागली आणि मी चढलो. माझा सगळा जन्म असाच चाललाय, जी गाडी आधी लागली तिच्यात.

इथं पुलावर उभा राहून बघतोय. पुण्याकडनं आलेली गाडी मनमाडकडं जायची असली की इथं तिचं इंजिन काढतात. एकटंच पुढं जातं, बाजूच्या रुळावरनं मागं येतं आणि शेवटच्या डब्याला लागतं. मग शेवटचा डबा पहिला होतो. आतली माणसं जागच्या जागी, हलत पण नाहीत, आणि तोंड फिरलेलं असतं. एका बाईला कळलंच नाही, ती प्लॅटफॉर्मवर उतरून आपला डबा भलत्या टोकाला शोधत होती.

हे मी आधी पण बघितलंय. तेच लिहायला बसलो होतो आणि इंजिनावर गेलो.

औषध मी त्या दिवशी आणलंच नाही. आबांनी पाठवलं पण नव्हतं, मागनं मीच तसं सांगितलं. आबा मेंढरं घेऊन माळावर, आई शेणाला, आणि कोकरांमागं त्या दिवशी मी होतो. सुषीला म्हणलं, जरा बघ गं, आत्ता आलो. ती म्हणली, कुठं चाललास? मी म्हणलं, दौंडला इंजिन फिरवतात ते बघून येतो. ती म्हणली, मला पण ने की दादा. पुढच्या वेळी म्हणलं.

मी या पुलावर होतो. इथंच, बहुतेक याच जागी.

आता तुला मारायला यायची ताकद राहिली नाही. परतीचं तिकीट काढतो.

वस्ती, ११ एप्रिल १९९९

इंद्रजीत,

हे शेवटचं. परत लिहिणार नाही, म्हणून सावकाश लिहितोय. एका जागी बसून. संपत हसतोय.

लोकर कातरायला भावकी जमली होती. आईनं निरोप धाडला, हात कमी पडतात, ये. आबांनी नको म्हणलं नाही, एवढ्यावर आलो. कातरी चालू झाल्या की कुणीतरी आबांना म्हणतंच, होऊ द्या की एखादं सुंबरान. दोन वर्षं ते नाही म्हणत आलेत. परवा मात्र हातातली कातर ठेवली. आडवी पाडलेली मेंढी संपतच्या हातात दिली, उठले, खुंटीवरची घोंगडी काढली. वर ऊन असं की पत्रा वाजत होता. आणि घोंगडी सरळ उजव्या खांद्यावर घेतली. डावीकडं नेलीच नाही.

मला कळलं, आता माझं नाव येणार. भावकीपुढं आबा मला माझ्याच तोंडानं बोलायला लावणार. पाय बाहेरच्या बाजूला वळले होते माझे.

ते गाण्यात नाही, साध्या बोलण्यात सांगायला लागले.

"मी आत बसलूय. भाईर नदी हाय, पर मला नदी दिसत न्हाई, खिडकी दिसती. खिडकीत बाभळीचा बुंधा. मोटार घरघरतीया. माझ्या हातात काम हाय. काम लई गोड हाय."

एकदा, इंद्रजीत. संपतच्या अडखळत्या वाचण्यातनं आबांनी ते एकदाच ऐकलं होतं. मला पान फाटेपर्यंत वाचावं लागलं.

त्यांनी तुझं नाव घेतलं नाही. माझं पण नाही. 'मी'च म्हणत राहिले. मग गळा उघडून ओळ टाकली, हाक आली पाण्यातनं, आणि थांबले, झील उचलायला. कुणी उचलली नाही. सगळ्यांना ठाऊक होतं हे सुषीचं आहे, कातरी तेवढ्या थांबल्या. आबा वाट बघत उभे. दुसऱ्यांदा टाकली. तेव्हा मी उचलली. माझा आवाज फाटला, पण उचलली.

पुढं त्यांनी घोंगडी उजवीकडनं काढून डावीकडं घेतली. आता त्यांचं स्वतःचं बोलायचं. तसेच उभे राहिले. मग घोंगडी खुंटीला लावली आणि मेंढीपाशी येऊन बसले. बाकीच्यांनी परत कातरी घेतल्या.

मी त्यांच्या शेजारी जाऊन बसलो, मेंढीचे मागचे पाय धरले.

"आबा, तुमाला कवापासनं कळलं हुतं?"

"संपतनं वाचलं तवाच." हात चालूच. "गोफन कवा विणलीस तू जल्मात?"

"मग माझ्याशी बोलला का न्हाई?"

आबांनी मेंढीची मान वर केली. मेंढीच्या मानेखालची लोकर नाजूक असते, तिथं सावकाश जावं लागतं. ती काढून झाली.

"त्यानं तिची हाक ऐकली तरी," आबा म्हणले. "तू कुठं हुतास?"

मी सगळं सांगितलं. औषध नव्हतं ते. दौंड. त्यांनी कातर खाली ठेवली नाही.

"काय बघत हुतास?"

"इंजिन फिरवत्यात ते."

"फिरवत्यात व्हय," आबा म्हणले. मग मान हलवली, जसं कुणी वाटेवरच्या गावाचं नाव सांगितल्यावर हलवतात तशी. आणि मेंढी सोडून दिली. ती उघडी होऊन कळपात शिरली तर तिच्याच कोकरानं तिला ओळखलं नाही, हुंगून मागं सरकलं.

आता ते बोलतात माझ्याशी. पाणी शेंद, म्हणतात, समोरासमोर. मला वाटलं होतं, खरं कळलं की मी सुटेन. तुझ्या कथेत निदान मी काठावर तरी होतो.

तुझ्याबद्दल म्हणले, आनंदरावांच्या पोराला बलव. मी म्हणलं कशाला. मला वाटलं कातर अजून त्यांच्या हातात आहे. म्हणले, "मारायला न्हाई. तिची हाक कशी हुती ती इचारायचीय. जोरात मारली का दमली हुती." माझ्याकडं बघत नव्हते. "दोन साल झाली, मी ती मनानंच ऐकतूय. रोज निराळी येती."

आई लोकर गोळा करत होती, ती तिथनंच म्हणली, "आन् नुसतं दादाच म्हणली का, का मलाबी हाक मारली, तेबी इचार म्हणावं."

कथेत तू एकच शब्द ठेवलास. एवढीच होती का रे? का बाकीची तू कापलीस, शेवट चांगला व्हावा म्हणून? आणि मला सांग, दादा ती तुला पण म्हणायची. मोटारीच्या खोलीत तू असतोस हे तिला माहीत होतं, जेवणाचा डबा तीच कधीमधी पोचवायची. मी तर दौंडला गेलोय हे तिला मीच सांगितलं होतं. मग ती कुणाला हाक मारत होती, हे तुला तेव्हाच कळलं होतं का लिहिताना कळलं?

उत्तर लिहू नकोस. तू चांगलं लिहिशील आणि आम्हाला ते खरं वाटेल.

ये. आबा सकाळी वस्तीवरच असतात. आल्यावर आई आधी पाणी देईल, ते पी. मग आबांसमोर खाली बस आणि तिनं मारली तशी हाक मार. घोंगडी खुंटीलाच राहील, तुझं तोंड लागेल फक्त.

शंभू गेणबा